स्वस्त सेंद्रिय तांबडी वाइन : फ्रान्सची रीत आणि आपल्या द्राक्षबागा

दक्षिण फ्रान्समधील ऱ्होन नदीच्या खोऱ्यात व लांगदॉक प्रांतात अशी पुष्कळ कुटुंबे आहेत की, ज्यांच्या दहा-वीस हेक्टरांच्या द्राक्षबागा पिढ्यानपिढ्या एकाच घराण्याकडे चालत आलेल्या आहेत. घरातील माणसे छाटणी करतात, द्राक्षे तोडतात आणि बागेलगतच्या कोठारातच त्यांची वाइन तयार करतात. अशा घरची साधी तांबडी वाइन त्या देशात पाच ते आठ युरोंस एक बाटली या भावाने मिळते. ती बहुधा दोन किंवा तीन जातींच्या द्राक्षांचे मिश्रण असते आणि अलीकडे पुष्कळ बाटल्यांवर सेंद्रिय शेतीचे चिन्हही आढळते. तेथे ही चैनीची वस्तू नसून जेवणासोबत घेण्याचे नित्याचे पेय आहे. आपल्याकडे मात्र परदेशी वाइनवर दीर्घकाळ १५० टक्के सीमाशुल्क राहिल्यामुळे तीच बाटली मुंबईच्या दुकानात येईपर्यंत श्रीमंतांची वस्तू होऊन बसते.

नाशिक, पुणे, सांगली व सोलापूर या जिल्ह्यांतील बागाईतदारास साहजिकच असा प्रश्न पडतो की, फ्रान्समधील शेतकरी कुटुंब हे रसायनांवाचून आणि अल्प खर्चात करू शकते, तर आपणास ते का जमू नये? या प्रश्नाचे उत्तर वाइन मुरविण्याच्या टाकीत शोधून सापडणार नाही. ते बागेत आहे. आणि बागेतही ते मुख्यतः पाऊस केव्हा पडतो यात आहे.

मिश्रण कशासाठी?

वाइनमध्ये निरनिराळ्या जाती मिसळणे म्हणजे भेसळ, अशी समजूत आपल्याकडे क्वचित आढळते. ती बरोबर नव्हे. दक्षिण फ्रान्समध्ये ग्रेनाश ही जात उष्णता व अवर्षण सोसते, तिच्यात साखर भरपूर भरते. परंतु तिच्या वाइनचा रंग फिका असतो व हवेच्या संपर्काने ती लवकर उतरते. सिरा ही जात, जिला आपण शिराज म्हणतो, रंगास गडद व वासास मसालेदार. मूर्व्हेद्र उशिरा पिकते आणि वाइनला तुरटपणा देते. कारिन्यां या जातीत आंबटपणा टिकून राहतो. एका जातीचे उणे दुसरीने भरून काढावयाचे, हे मिश्रणामागील तत्त्व होय.

शेतकऱ्याच्या दृष्टीने त्यात आणखी एक लाभ आहे. सर्व जाती एकाच दिवशी फुलोऱ्यावर येत नाहीत व एकाच आठवड्यात पिकत नाहीत. फुलोऱ्यात पाऊस झाला तर एका जातीचे नुकसान होते, दुसरी वाचते. ज्याने एकाच जातीचे नाव चिठ्ठीवर छापण्याचे ठरविले, त्याला ही सवड राहत नाही. आपल्याकडे कॅबरनेट सॉव्हिन्यों व शिराज यांचे मिश्रण रूढ झाले आहे व ते योग्यच आहे. कॅबरनेटचा ताठरपणा शिराजने सौम्य होतो.

स्वस्ताईचे कारण

या कुटुंबांची वाइन स्वस्त पडते याचे कारण ती निकृष्ट असते हे नव्हे. खर्चाच्या मोठ्या बाबी त्यांनी टाळलेल्या असतात. ओकच्या लाकडाचे २२५ लिटरचे नवे पिंप घ्यावयाचे म्हटले तर कित्येक शे युरो पडतात व चार-पाच वर्षांत त्याचा गुण संपतो. म्हणून रोजच्या वाइनसाठी आजोबांच्या काळच्या सिमेंटच्या टाक्या किंवा पोलादी टाक्याच वापरतात. वाइन वर्ष-दीड वर्षाच्या आत विकली जाते, त्यामुळे भांडवल अडकत नाही. मजुरीचा बराच भाग घरातच राहतो. जुन्या बागांत वेल झुडपासारखे आखूड छाटून वाढवितात, त्यांस मांडव लागत नाही. आपल्याकडे मांडवाचे लोखंडी खांब व तारा यांवरच प्रारंभीच्या खर्चाचा मोठा वाटा जातो.

आपल्याकडील हिशेब ढोबळमानाने असा मांडता येईल. वाइनच्या द्राक्षांचे उत्पन्न खाण्याच्या द्राक्षांहून पुष्कळ कमी घ्यावे लागते, कारण घड अधिक ठेवले तर रसात दाटपणा येत नाही. समजा, एकरी ४ टन माल निघाला. शंभर किलो द्राक्षांपासून ६५ ते ७० लिटर वाइन मिळते, म्हणजे एकरातून सुमारे २,७०० लिटर, अर्थात साडेतीन हजारांच्या आसपास बाटल्या होतात. एका बाटलीत साधारण एक किलोहून थोडी अधिक द्राक्षे जातात. यावरून हे ध्यानात येईल की, बाटलीच्या किमतीत द्राक्षांचा भाव हा लहान भाग आहे. बाटली, बूच, चिठ्ठी, कर आणि दलाली हे मोठे भाग आहेत. जो बागाईतदार केवळ द्राक्षे विकतो त्याच्या पदरी हा लहान भागच पडतो.

सेंद्रिय म्हणजे नेमके काय?

युरोपात २०१२ पूर्वी ‘सेंद्रिय वाइन’ असे लिहिता येत नसे. ‘सेंद्रिय द्राक्षांची वाइन’ एवढेच लिहिण्याची मुभा होती. २०१२ च्या हंगामापासून वाइन करण्याच्या क्रियेसही नियम लागू झाले. त्यांतील प्रमुख नियम गंधकाच्या संयुगांविषयी आहे. सल्फाइट हे वाइन टिकविण्यासाठी घालतात. साखर न उरलेल्या तांबड्या वाइनमध्ये त्याची मर्यादा सामान्यतः लिटरमागे १५० मिलिग्रॅम आहे, ती सेंद्रिय वाइनसाठी १०० मिलिग्रॅम ठेवली आहे. बागेस तीन वर्षांचा परिवर्तनकाळ पुरा करावा लागतो व त्या काळात कृत्रिम खते, तणनाशके आणि कृत्रिम कीडनाशके वर्ज्य असतात. आपल्या राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाचे नियमही बहुवर्षायू पिकांस तीन वर्षांचाच काळ सांगतात.

येथे एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. सेंद्रिय झाली म्हणून वाइन औषध होत नाही. तिच्यात १३ टक्क्यांच्या आसपास मद्यार्क असतोच व तो जे करावयाचे ते करतो.

सेंद्रिय बागेत फवारणी होत नाही, ही दुसरी गैरसमजूत. फवारणी होते, ती मुख्यतः गंधक व तांबे यांची. भुरीवर गंधक आणि केवड्यावर, म्हणजे डाऊनीवर, तांबे. ही दोन्ही द्रव्ये खनिज असल्यामुळे त्यांस मुभा आहे. तांब्याच्या फवारणीचा शोध कसा लागला ही हकीकत आपल्या शेतकऱ्यांस सांगण्यासारखी आहे. बोर्डो शहराच्या परिसरातील बागाईतदार रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद व चुना शिंपडीत असत. हेतू एवढाच की, निळसर डाग पाहून वाटसरूंनी द्राक्षे चोरून खाऊ नयेत. १८८२ साली केवड्याने बागा उजाड होत असता बोर्डो विद्यापीठातील प्राध्यापक मिलार्दे यांच्या दृष्टीस पडले की, रस्त्याकडेच्याच वेलींची पाने हिरवी राहिली आहेत. त्यांनी प्रयोग करून १८८५ साली हे मिश्रण प्रसिद्ध केले. आपल्या गावोगावचे ‘बोर्डो’ ते हेच.

तांब्याचा हिशेब

आपल्या बागाईतदाराने सर्वांत अधिक लक्ष द्यावयाचे ते येथे. तांबे जमिनीत कुजत नाही, विरत नाही, पाण्याबरोबर फारसे वाहूनही जात नाही. वर्षानुवर्षे ते वरच्या थरात साठते आणि गांडुळे व उपयुक्त सूक्ष्म जीव यांचा नाश करते. फ्रान्सच्या जुन्या बागांत हे घडून चुकले आहे. म्हणून युरोपात २०१९ पासून अशी मर्यादा घातली गेली की, सात वर्षांत मिळून हेक्टरी २८ किलोहून अधिक तांबे वापरावयाचे नाही; म्हणजे सरासरी वर्षाला ४ किलो.

आता मोरचुदात चौथा हिस्सा तांबे असते. एक टक्का बोर्डो मिश्रण करावयाचे तर १०० लिटर पाण्यास १ किलो मोरचूद लागते. भरलेल्या मांडवास हेक्टरी १,००० लिटर पाणी धरले तर एका फवारणीत १० किलो मोरचूद, म्हणजेच अडीच किलो तांबे जाते. याचा अर्थ असा की, पुऱ्या ताकदीच्या दोन फवारण्या झाल्या की वर्षाचा वाटा संपून वर एक किलोचे कर्ज होते. आपल्याकडे पावसाळ्यात बोर्डोच्या दोनच फवारण्यांवर थांबणारा बागाईतदार विरळा.

फ्रान्समधील कुटुंबास हे कसे निभावते? ऱ्होन खोऱ्यात मिस्त्राल नावाचा कोरडा, जोराचा उत्तरेचा वारा वाहतो व पावसानंतर पाने लवकर सुकतात. भूमध्य समुद्राकाठचा उन्हाळा कोरडा असतो आणि वेल पालवीवर व फळावर असण्याचा काळ नेमका तोच आहे. पाऊस बहुतेक हिवाळ्याच्या आगेमागे पडतो. केवड्याची बीजे उगवण्यास पानावर पाणी साचून राहावे लागते. पाने कोरडी राहिली की थोड्या तांब्यात काम भागते. तेथील जाणते बागाईतदार एका वेळी हेक्टरी काही शे ग्रॅमच तांबे मारतात. ज्या वर्षी तेथेही वसंतात पाऊस लांबतो त्या वर्षी सेंद्रिय बागांची दैना होते, हेही खरे.

दख्खनवरील वेलीची स्थिती नेमकी उलट आहे. येथे थंडीने वेल झोपत नाही, म्हणून वर्षातून दोन छाटण्या करतो. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडी तयार होते व तिच्या डोळ्यांत पुढील घड ठरतो. ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर तो घड बाहेर येतो. पहिल्या छाटणीची पालवी जून ते सप्टेंबर संपूर्ण पावसाळा अंगावर घेते, आणि दुसरीची कोवळी फूट परतीच्या पावसात सापडते. केवड्यास याहून सोयीचे काय असणार?

म्हणून आपल्याकडे सेंद्रिय तांबड्या वाइनचा बेत करणाऱ्याने औषधापूर्वी वेलीची मांडणी पाहावी. दाट मांडवाखाली दमटपणा कोंडतो. वाइनच्या द्राक्षांसाठी सरळ उभ्या तारांवर फुटी चढविल्या तर हवा खेळती राहते. ओळी वाऱ्याच्या दिशेस धराव्यात. अनावश्यक फुटी वेळीच काढाव्यात, घडाभोवतीची पाने विरळ करावीत. पावसाळ्यात वेलीवर फळ नसते. या काळात पाने पूर्णपणे निरोगी राहावीत असा हट्ट न धरता काडी पक्व होईपर्यंत ती टिकावीत एवढेच ध्येय ठेवावे, आणि तांब्याचा मोठा वाटा ऑक्टोबरनंतरच्या पहिल्या चाळीस-पन्नास दिवसांसाठी राखून ठेवावा. त्या दिवसांत केवडा घडावर येतो व एका रात्रीत वर्षाचे पीक नेतो. फवारणी अर्धा टक्का किंवा त्याहून कमी ताकदीची, परंतु पावसापूर्वी करावी. रोग अंगी भिनल्यावर तांब्याचा उपयोग होत नाही. ते पानाच्या पृष्ठावर पहारा करते, आत शिरत नाही.

मिश्रण करताना मोरचूद व चुना निरनिराळ्या भांड्यांत विरघळवावेत; भांडी लाकडी किंवा प्लास्टिकची असावीत, लोखंडी नसावीत. तयार मिश्रणात स्वच्छ लोखंडी सुरी थोडा वेळ बुडवावी. तिच्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी आहे असे समजावे व तो वाढवावा, नाही तर कोवळी पाने करपतात.

भुरीचे काम गंधकाने तुलनेने सोपे होते. उन्हाचा पारा ३५ अंशांवर असता मात्र गंधक मारू नये. पिठ्या ढेकणासाठी क्रिप्टोलिमस हा भुंगेरा बागेत सोडता येतो, व तो सोडल्यावर त्याला मारणारे काही फवारू नये, हे सांगावे लागते याचे कारण तसे घडलेले आहे.

दोन सवयी ज्या सोडाव्या लागतील

ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइडचे बोळे फिरविण्याची पद्धत महाराष्ट्रात घरोघर आहे. सेंद्रिय बागेत ते चालत नाही. त्याच्यावाचून फूट मागेपुढे येते, तोडणी दोन-तीन वेळा करावी लागते व मजुरी वाढते. फ्रान्समध्ये हा प्रश्नच नाही; तेथे हिवाळ्याची थंडी ते काम फुकट करते. येथे मिश्रणाची कल्पना कामास येते. जो माल एकाच दिवशी पिकत नाही, तो निरनिराळ्या टाक्यांत आंबवून शेवटी एकत्र करता येतो.

दुसरी सवय एप्रिल छाटणीनंतर शेंडा आखडण्यासाठी क्लोरमेक्वाट क्लोराइड मारण्याची. २०१० साली या द्रव्याचे अंश सापडल्यामुळे महाराष्ट्रातून युरोपात गेलेली खाण्याची द्राक्षे तेथे अडकली व निर्यातदार बागाईतदारांस जबर तोटा सोसावा लागला. त्या वेळी कित्येकांस आपण मारलेल्या द्रव्याची तपासणी तेथे होते हेच ठाऊक नव्हते. वेलीचा जोम पाणी व नत्र आवरून, तसेच शेंडा खुडून ताब्यात ठेवणे हा याला पर्याय आहे. त्यास लक्ष अधिक द्यावे लागते, खर्च फारसा लागत नाही. जिबरेलिक आम्लाची गोष्ट मात्र सोपी आहे. वाइनच्या द्राक्षांत मणी लहान व साल अधिक असणेच इष्ट असल्यामुळे मणी फुगविण्याचा खटाटोप नकोच.

खत कोठून आणावे?

शेणखत दुर्मिळ झाले असल्याने शहरी कचऱ्यापासून केलेले कंपोस्ट घेण्याकडे कल होतो. मुंबईच्या उपनगरात गोवंडीलगत देवनार येथे १९२७ पासून शहराचा कचरा टाकला जात आला. तेथील डोंगर पाहिला म्हणजे एवढ्या कुजलेल्या मालाचे खत शेतास का देऊ नये, असे कोणासही वाटेल. परंतु अशा जुन्या ढिगात भाजीच्या देठांबरोबर विद्युत घट, रंगाचे डबे, काच व प्लास्टिक हेही कुजत किंवा न कुजता पडलेले असते. त्यातील शिसे व कॅडमियम खताबरोबर शेतात येतात आणि तांब्याप्रमाणेच तेथून जात नाहीत. सेंद्रिय नियमांत घरगुती कचऱ्याचे खत घेता येते, परंतु ओला कचरा घरातच वेगळा केलेला असावा लागतो, जड धातूंची तपासणी लागते व प्रमाणन संस्थेची अनुमती लागते. तेव्हा ‘कंपोस्ट’ या शब्दावर विसंबून ट्रक मागवू नये. बागेतील छाटणीच्या काड्या बारीक करून ओळींत परत घालणे, पावसाळ्यात ताग किंवा धैंचा गाडणे, आणि वाइन काढल्यावर उरणारा सालींचा व बियांचा चोथा शेणात मिसळून कुजविणे, हे घरचे उपाय आहेत. फ्रान्समधील काही कुटुंबेही चोथ्याचे हेच करतात.

टाकीतील काम

ते येथे थोडक्यात पुरे. काळ्या द्राक्षांचा रस बहुधा पांढराच असतो. रंग सालीत असतो. म्हणून तांबड्या वाइनसाठी सालीसकट आंबवण करतात व वर तरंगून आलेला सालींचा थर दिवसातून दोन-तीनदा खाली दाबतात. रसात २४ ब्रिक्स साखर असली तर सुमारे १३ टक्के मद्यार्क होतो. सेंद्रिय वाइनसाठी महत्त्वाची गोष्ट तोडणीची वेळ होय. आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये ऊन झपाट्याने चढते, आंबटपणा उतरतो, आणि आंबटपणा उतरलेल्या वाइनमध्ये सल्फाइटचा परिणाम कमी होतो. थोड्या सल्फाइटवर भागवावयाचे असेल तर पहाटे तोडणी करून उन्हापूर्वी माल कोठारात गेला पाहिजे, व सडका मणी एकही आत जाता कामा नये.

विक्री व कोठार

महाराष्ट्र शासनाने २००१ साली द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केले. त्यानंतर निफाड तालुक्यातील विंचूर व सांगली जिल्ह्यातील पलूस येथे वाइन पार्क उभे राहिले, आणि अनेक बागाईतदारांनी कराराच्या भरवशावर वाइनच्या जाती लावल्या. २००८ च्या मंदीनंतर मागणी घसरली. तोडणीस आलेला माल उचलला गेला नाही, काहींचे पैसे अडकले, आणि वाइनची द्राक्षे बाजारात खाण्यासाठी खपत नाहीत. बारीक मणी, जाड साल, बिया. कित्येकांनी बागा उपटल्या. त्या बागाईतदारांचे चुकले ते लागवडीत नव्हे. त्यांच्यापाशी माल साठविण्याची टाकी नव्हती, एवढेच.

लांगदॉकच्या शेतकऱ्यांवर हीच पाळी १९०७ साली आली होती. साखर व पाणी घालून केलेल्या खोट्या वाइनने भाव कोसळले, लाखो लोक मोंपेलिए शहरात रस्त्यावर उतरले आणि त्या वर्षी भेसळीविरुद्ध कायदा झाला. त्याआधीच १९०१ साली मारोसां या गावच्या लहान बागाईतदारांनी एकत्र येऊन सहकारी विक्री सुरू केली होती. पुढे प्रांतभर सहकारी कोठारे झाली, व ज्या कुटुंबास स्वतःची टाकी परवडत नव्हती त्याची द्राक्षेही वाइन होऊनच विकली जाऊ लागली. ज्या प्रदेशात १९५० साली प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि १९९१ साली द्राक्ष निर्यातीसाठी महाग्रेप्स स्थापन झाली, त्या प्रदेशात दहा-पंधरा बागाईतदारांनी मिळून एक कोठार करणे ही नवखी कल्पना नाही. परवाना मात्र राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून रीतसर घ्यावा लागतो. परवान्यावाचून केलेली वाइन, मग ती कितीही सेंद्रिय असो, गुन्हाच ठरते. प्रमाणनाचा खर्चही गटाने केल्यास प्रत्येकास हलका पडतो.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी अशा गटास प्रारंभी एकच काम लावून द्यावे. परिवर्तनाची तीन वर्षे प्रमाणन संस्थेकडे नोंदणी झाल्याच्या दिवसापासून मोजली जातात. बागाईतदाराने मनाशी ठरविल्याच्या दिवसापासून नव्हे. म्हणून येत्या खरड छाटणीपूर्वी नोंदणीचा अर्ज जावा, जातवान खुंट व जातींविषयी मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा सल्ला घ्यावा, मातीतील तांब्याची तपासणी करून तो आकडा नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहावा, आणि त्यानंतर मारलेल्या प्रत्येक किलो मोरचुदाची तारीखवार नोंद त्याच्या खाली करीत जावी.